शेजारचं पोर

प्रिय एनेबिश,

गोंबो ड्रायव्हरच्या हाती हे पत्र, चहाच्या चार विटा, टॉर्चचे सेल आणि दुलमाच्या गुडघ्यांसाठी मलम पाठवतेय. मलम तुझ्या बायकोसाठी आहे बरं का. मागच्या वेळी तू ते घोड्याच्या पायाला चोळून संपवलंस. पत्र मात्र आधी तू एकट्यानं वाच, उजेडात वाच आणि शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर हसून बाजूला ठेवायची तुझी खोड मला ठाऊक आहे. फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर तू 'ताई' म्हणतोस आणि माझ्या तोंडून आपसूक 'ओ' जातो, आणि सध्या ते नको. मला आढेवेढे घेता येत नाहीत, म्हणून पहिल्याच फटक्यात सांगते. तुझ्या जिवाला धोका आहे आणि तो माझ्यामुळे आहे. मेंढवाड्यापासून गेरच्या दारापर्यंत चाळीस पावलं. त्रेचाळीस वर्षं त्या दरीत काढलेला माणूस ती चाळीस पावलं चुकत नाही. तू या महिन्यात तीनदा चुकलास. गालावरचा हिमदंशाचा चट्टा भरला का, ते गोंबोकडे निरोप देऊन कळव. लिहून नको, तोंडी.

तुझा जन्म मला लख्ख आठवतो. मी सहा वर्षांची होते. तुझ्याआधीचे दोघे गेले होते, एक चाळिसाव्या दिवशी, दुसरा रांगायला लागल्यावर. दोन्ही वेळी आईनं सकाळी दाराबाहेर बर्फात अनवाणी पावलं पाहिली होती. दारापर्यंत आलेली, परत गेलेली नाहीत. आई तिला 'पाहुणी' म्हणायची. दुसरं नाव आपल्या घरात तिला कुणी दिलं नाही. म्हणून तू झालास त्याच दिवशी बाबांनी गेरच्या मागच्या बाजूचा लोकरीचा नमदा तंबूच्या कनातीसारखा वर उचलला आणि शेजारच्या दोल्गोर काकूंनी तुला दारातून न नेता त्या फटीतून जमिनीलगत बाहेर ओढून घेतलं. तीन दिवस तू त्यांच्या गेरमध्ये होतास. चौथ्या दिवशी काकू दारात उभ्या राहून सगळ्या दरीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्याकडे हे पोर जास्तीचं झालंय, सांभाळता का?" आई म्हणाली, "परक्याचं पोर कशाला आमच्या गळ्यात? बरं, ठेवा त्या कोपऱ्यात." मी खुदकन हसले तर बाबांनी माझा कान उपटला. ओंजळभर वाळलेलं दही काकूंना दिलं आणि तू आमच्याकडे राहायला आलास, शेजारचा म्हणून.

नाव ठेवलं एनेबिश, म्हणजे 'हा नव्हे'. पाहुणीच्या कानावर पडलं तर तिनं पुढच्या घरी जावं म्हणून. पाच वर्षांचा होईपर्यंत तुझ्या दोन वेण्या घातल्या, मुलीचा तांबडा, घोट्यापर्यंतचा देल घातला, आणि उंबऱ्याबाहेर न्यायचं झालं की आई भांड्याच्या बुडाची काजळी बोटावर घेऊन तुझ्या कपाळाला लावायची. पाहुणीला लांबून पोर नव्हे, ससा दिसावा. शाळेत पोरं तुझ्यामागे लागायची, "हा नव्हे, तर मग कोण रे?" आणि मी त्यांना शेणाच्या गोळ्यांनी मारायचे. पण घरी मीच जास्त छळलंय तुला. काही बिनसलं की म्हणायचे, "जा की आपल्या घरी, शेजारच्या." एकदा तू खरंच तुझी टोपी आणि ते लाकडी उंट घेऊन दोल्गोर काकूंकडे चालायला लागलास. त्यांनी पोटभर खाऊ घालून परत पाठवलं. सगळे हसले. तू हसत नव्हतास, हे मला आत्ता या वयात आठवतं आणि माझीच मला लाज वाटते.

आणि मग ते ओढ्यावरचं. तू सात वर्षांचा होतास, आपण दोघं बर्फ फोडून पोत्यात भरत होतो. तू विचारलंस, "माझी आई मला कधी न्यायला येणार?" मला राहवलं नाही. मी तुझ्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "अरे वेड्या, तू आमचाच आहेस. माझा सख्खा भाऊ आहेस." तू इतका हसलास की पोतं सोडून दिलंस. दुपारपर्यंत तुला ताप भरला. आईनं कुणाला काही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एक ठेवून दिली, आयुष्यात एकदाच. मग तुला गोधडीत गुंडाळून दोल्गोर काकूंकडे टाकून आली आणि नऊ दिवस तिकडे फिरकली नाही. तू तिला कधीच त्याची माफी दिली नाहीस, ते मला माहीत आहे. पण ते नऊ दिवस ती कुठं होती, ते तुला माहीत नाही. ती आपल्या गेरमध्ये रिकाम्या गोधडीजवळ बसून "कोण ते? आमचं कोण आजारी नाही बाई" असं दाराकडे बघून बडबडत होती. जेवत नव्हती. मला वाटलं, आईचं डोकं फिरलं.

आता ज्यावर आपण दोघं कधी बोललो नाही, तिकडे येते. तीन वर्षं तू आईचं सगळं केलंस. उचललंस, धुतलंस, चमच्यानं चहा पाजलास, रात्री तिच्या पायाशी झोपलास. मी शहरात बसून रंग कालवत होते आणि सणाला मिठाई घेऊन येत होते. आणि शेवटच्या सकाळी, मी नेमकी आलेली असताना, आई म्हणाली, "त्या शेजारच्या पोराला म्हणावं, जरा घोडी बघून ये." तू गेलास. परत आलास तेव्हा ती नव्हती. सगळं उरकल्यावर घोड्यावर खोगीर कसताना तू माझ्याकडे न बघता बोललास, "शेजाऱ्यानं एवढं केलं, पुष्कळ झालं. आता घरच्यांनी बघावं." चार महिने तुझा शब्द नाही. एनेबिश, मला ते फार लागलं. तुझा राग खरा होता म्हणून जास्त लागलं.

चित्र मी त्या लागण्यातून काढायला घेतलं. एरवी मी काय काढते तुला माहीत आहे, घोडे, ढग, गवत, आणि लोक म्हणतात, वा, अगदी खरं वाटतं. हे दोन मीटर रुंद, आपली हिवाळी दरी, बर्फातून वर आलेलं पिवळं गवत, पाठीमागे तो डोंगर (नाव लिहीत नाही), उजवीकडे पाठ वळवून उभ्या पाच घोड्या, आणि त्यांच्या अलीकडे एकटं उभं, तांबड्या देलमधलं, दोन वेण्यांचं पोर. पाठमोरं. चेहरा काढायचा धीर झाला नाही, आणि खरं सांगायचं तर पाच वर्षांचा तुझा चेहरा मला नीट आठवत नव्हता. नोव्हेंबरात सुरू केलं, पांढऱ्या महिन्याच्या सणाच्या, आपल्या नव्या वर्षाच्या, आदल्या आठवड्यात संपलं. प्रदर्शन भरवणाऱ्या बाई येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, "एप्रिलमध्ये हे दर्शनी भिंतीवर. नाव काय द्यायचं?" मी कागदावर लिहून दिलं, 'माझा धाकटा भाऊ'. कॅनव्हासच्या मागच्या बाजूलाही लिहिलं, ब्रशनं, आपल्या जुन्या उभ्या लिपीत. तिथे मी आणखी एक शब्द लिहिला. तो काय, ते सांगते, घाई करू नकोस.

सणाला मी तुला फोन केला. तू आधी नुसताच "हं" करत होतास. चित्राचं सांगितलं. मग म्हणालास, "सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलंस? माझा भाऊ म्हणून?" आणि रडलास. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, सहाशे मेंढरांचा मालक, रडलास. दुलमा मागून म्हणत होती, "काय झालं, कोण गेलं?" तू म्हणालास, एप्रिलमध्ये आम्ही दोघं येणार, नवा देल शिवतो, त्या चित्रासमोर उभा राहून फोटो काढतो. त्या दिवशी मला वाटलं की मी आयुष्यात एक तरी काम धड केलं.

चौथ्या दिवशी सकाळी स्टुडिओत गेले, पडदा सरकवला, आणि चित्राच्या डाव्या कडेला बर्फात तीन पावलं होती. मी काढलेली नव्हेत. आता हसू नकोस. मीही आधी स्वतःला शंभर कारणं दिली. मी जुने कॅनव्हास खरवडून वापरते, खालचं चित्र कधीकधी वर डोकावतं. ऑइलचा रंग महिनोन् महिने सुकत असतो, बसतो, ओघळतो. पण माझा पांढरा अजून बोटाला लागत होता आणि त्या तीन पावलांचा रंग कडक वाळलेला होता, वर्षभरापूर्वीचा असावा तसा. अनवाणी पावलं. बोटं मोजता येतील इतकी नीट. अशी एका फटक्यात ओढलेली रेघ मला जमत नाही. मी त्यावर पांढरा फासला आणि घरी गेले. दुसऱ्या सकाळी सात होती.

शेजारच्या खोलीत झेवेग बसतो, उंटांची चित्रं काढणारा, तुला आठवेल, सणाला आपल्याकडची घोडीच्या दुधाची दारू पिऊन गेरच्या खांबालाच सलाम करत होता तो. तो चहा घेऊन आला, चित्राकडे बघून म्हणाला, "यांजमा ताई, पोरगी मागच्या वेळी पाठमोरी होती ना? आता कान दिसतोय." मी म्हटलं, "तुझे डोळे तपासून घे." तो म्हणाला, "डोळे ठीक आहेत, तूच झोपेत रंगवत असशील. चांगलंय, फुकट काम होतंय." तो गेल्यावर मी जवळ गेले. दोन वेण्यांपैकी एकच पाठीवर होती. दुसरी खांद्याच्या पलीकडे गेली होती. आणि कान होता, छोटा, थंडीनं लाल झालेला. पोर मान वळवत होतं. माझ्याकडे नव्हे, डावीकडे. जिकडून ती पावलं येत होती तिकडे.

मग तुझा फोन आला, तालुक्याच्या गावातून. तू फार मजेत होतास. म्हणालास, "ताई, गंमत ऐक. आमच्या दारात रोज सकाळी कुणीतरी अनवाणी येऊन उभं राहतंय. दुलमाला म्हटलं, कोण गं ही तुझी मैत्रीण, तिला बूट तरी दे." तू पुढे सांगत होतास. मेंढवाड्याकडून येताना बर्फ उडत होता आणि मागून हाक आली. अगदी आईची. म्हणालास, "नाव माझं नव्हतं गं, भलतंच होतं. पण मला कळलं की ते मलाच म्हणतेय. आणि काय सांगू, इतकं बरं वाटलं. चालतच राहिलो तिकडे. दुलमानं पट्टा धरून ओढलं म्हणून, नाहीतर गेलो असतो." मी विचारलं, कुठलं नाव. आणि तू ते नाव घेतलंस.

एनेबिश, ते नाव जगात एकट्या मला माहीत होतं. मी तुला तेव्हा म्हटलं, असेल कुठल्यातरी गुराख्याचं. तू हसून म्हणालास, "पुढच्या वेळी ओ देऊन बघतो, काय होतंय."

तर आता ऐक. त्या शेवटच्या सकाळी आईनं तुला घोडी बघायला पाठवलं ते तुला टाळायला नव्हे. तू दूर गेल्याची चाहूल लागेपर्यंत ती डोळे मिटून थांबली. मला म्हणाली, दार लाव, धुराचं भोक झाक. मग माझा कान आपल्या तोंडाशी ओढला आणि म्हणाली, "माझा मुलगा. माझा मुलगा. माझा मुलगा." तीनदा. त्रेचाळीस वर्षांचं साठलेलं, सगळं त्या कानात. आणि मग तुझं नाव सांगितलं, तू पोटात असताना तिनं ठरवलेलं, एकदाही न उच्चारलेलं. म्हणाली, "त्याला सांगू नकोस. कुणालाच नको. पण मी हे माझ्याबरोबर नेलं तर त्याला नावच नव्हतं असं होईल. म्हणून तू ठेव." एवढं बोलून गेली. माझ्यापाशी ठेवायला दिलेलं, आणि मी ते दीड इंची ब्रशनं, ठळक, चित्राच्या पाठीवर लिहिलं. चित्राच्या पाठीमागे कोण बघतंय, असं मला वाटलं. आपली माणसं बघत नाहीत. त्या पाहुणीनं बघितलं. तुझ्या सगळ्या वेण्या, सगळी काजळी, दोल्गोर काकूंची ती फट, आईचे नऊ दिवस, सगळ्यावर मी एका ओळीत पाणी ओतलं.

त्याच दुपारी मी सुरीनं ते नाव खरवडून काढलं. भुगा बशीत जाळला. तरी सकाळी पावलं पुढे आलेली. आणि पोराचा गाल दिसायला लागलेला. मी डोक्याची मागची बाजू पुन्हा रंगवली, दोन्ही वेण्या पुन्हा पाठीवर आणल्या. सकाळपर्यंत ते सगळं आत जिरलेलं. जाळून टाकावं, असंही मनात आलं. काडी पेटवून उभी राहिले होते. पण त्यात तू आहेस. तू असताना कसं जाळू? आई असती तर तिनं काय केलं असतं, ते मला पुरतं माहीत होतं. स्टुडिओतल्या फळीवर तिचं काळं भांडं आहे, वाटणीत मी मागून घेतलेलं, तू खोगीर घेतलंस आणि मी ते, त्यात मी ब्रश ठेवते. ब्रश काढले, भांडं उपडं केलं, बुडाची काजळी खरडली आणि जवसाच्या तेलात कालवून तयार ठेवली. पण लावू कुठे? कपाळच दिसत नव्हतं.

त्यासाठी मला थांबावं लागलं. पोरानं आणखी वळावं म्हणून वाट बघावी लागली, आणि पाहुणी आणखी जवळ यावी म्हणून. त्याच चार दिवसांत तू दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा वाट चुकलास. दुलमा फोनवर रडत सांगत होती आणि मी इकडे चित्रासमोर स्टुलावर बसून होते. मला शिव्या घाल. मी स्वतःला घातल्यात. रोज सकाळी नाकाचा शेंडा, मग भुवई, आणि तिकडे पावलं हात लांब केला तर खांद्याला लागेल एवढ्यावर. मंगळवारी साडेनऊला कपाळ दिसलं. चेहरा पूर्ण दिसला. पाच वर्षांचा तू. मला वाटलं होतं पोर घाबरलेलं असेल. नव्हतं रे. हसत होतं. ओढ्यावर मी कानात सांगितलं तेव्हा हसला होतास ना, तसं. कुणीतरी खऱ्या नावानं हाक मारली म्हणून आनंदानं वळलेलं. ते बघून मी तिथेच रडायला लागले, कारण मला कळलं की तू ओ देणार. ज्यानं जन्मभर एका हाकेची वाट बघितली, तो ओ देणारच.

रडतच काजळी लावली. बोटानं, आई लावायची तशी, कपाळाच्या मधोमध, जरा वाकडी. आणि मोठ्यानं म्हटलं, "हे कोण म्हणे? शेजारचं पोर आहे. घरी पाठवायचं राहिलंय." झेवेग दारातून डोकावला, "कुणाशी बोलतेस?" मी म्हटलं, "कामाला जा." मग चित्र उलटं केलं. नाव खरवडलेली जागा तशीच ठेवता येईना. खरवडलेलं दिसतं, आणि दिसलं की कुणीही विचारणार, इथं कोण होतं. म्हणून तिथे मी माझं नाव लिहिलं. पूर्ण, आईच्या नावासकट, तोच रंग, तोच ब्रश. चित्रकारानं आपल्या चित्रावर नाव घालायचंच असतं, त्यात विशेष काही नाही. बुधवारी सकाळी पोर पुन्हा पाठमोरं होतं, दोन्ही वेण्या जागेवर. बुधवारनंतर तुझ्या दारात पावलं उमटली नाहीत, हो ना? दुलमानं सांगितलं मला. चित्रातली पावलं मात्र गेलेली नाहीत. ती पोराशेजारून वळून, घोड्यांना वळसा घालून, सरळ पुढे आलीत. आज सकाळी ती कॅनव्हासच्या खालच्या कडेला संपलीत, बरोबर मध्यावर. रंगवताना मी जिथे उभी राहते तिथे. मी रोजच्यासारखी कामाला जाते. झेवेग म्हणतो, तुझ्या खोलीत फरशी ओली का असते.

आता हे पत्र का लिहिलं ते. प्रदर्शन पाच एप्रिलला उघडतंय. मी नाव बदलून दिलंय, 'शेजारचं पोर'. बाई म्हणाल्या, आधीचं बरं होतं. मी म्हटलं, चूक झाली होती, ते पोर माझं कुणी नव्हे. रोज शे-दोनशे माणसं त्या भिंतीसमोर उभी राहून ते मोठ्यानं वाचतील, आणि जितकी वाचतील तितकं चांगलं. तू यायचं नाहीस. नवा देल शिवून झाला असेल तर सणाला घाल, त्या चित्रासमोर नको. तिथे उभं राहून 'हा मी' म्हणायचं नाहीस. मागून हाक आली, कितीही गोड, कुणाच्याही आवाजात, माझ्यासुद्धा, तरी ओ द्यायचा नाही. माझं काही बरंवाईट झालं आणि निरोप आला तर शेजारी येतात तसा ये, चहा पी, आणि डोळे कोरडे ठेवून जा. कुणी विचारलं तर म्हण, ओळख होती. तुला जे हवं होतं ते मी वर लिहिलंय, आईनं तीनदा म्हटलेलं. ते एकदा वाच, दोनदा वाच, पाठ कर, आणि मग हे पत्र चुलीत घाल. ते तुझं आहे, ते आता कुणी नेऊ शकत नाही. तुला मी पहिल्यांदा पाहिलं ते नमद्याच्या फटीतून बाहेर जाताना, आणि तेव्हापासून तुझ्यावर माझा जेवढा जीव आहे तेवढा कुणावर नाही. म्हणून लिहिते, नीट वाच: आमच्या आईला मुलगा नव्हता. मला भाऊ नाही.

शेजारच्या घरातली,
यांजमा